मी कुठे त्या लायकीचा?



सॅक्रिस्टीच्या दाराशेजारी वाचकांची यादी लावलेली आहे, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. तिच्यात सध्या नऊ नावे आहेत. रविवारच्या तीन मिस्सा आणि प्रत्येक मिस्साला दोन वाचने; तेव्हा त्याच त्या माणसांना दर दुसऱ्या रविवारी, कधी लागोपाठच्या रविवारीही उभे राहावे लागते. म्हणून कुटुंबभेटी करत असताना मी काही जणांना सहज विचारून पाहिले, "वाचकांमध्ये याल का?" वेळ नाही, चष्म्याचा नंबर बदललाय, माइकसमोर पाय लटपटतात, ही उत्तरे अपेक्षितच होती. पण चार वेगवेगळ्या घरांत, चार वेगवेगळ्या वयांच्या माणसांकडून मला एकच उत्तर मिळाले, "फादर, मी कुठे त्या लायकीचा?" एका माउलीने तर स्पष्टच सांगितले, "मी वर उभी राहून प्रेमाबद्दल वाचायला लागले, तर खाली बसलेल्या माझ्या सुनेला हसू आवरायचं नाही." (सूनबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत, एवढे मी सांगू शकतो.)

प्रथम मला वाटले, ही आपल्याकडची नेहमीची भिडस्त बोलण्याची रीत आहे. पण चौथ्यांदा तेच ऐकल्यावर मी विचारात पडलो. ह्या उत्तराच्या पोटात एक खरा प्रश्न आहे आणि तो सोपा नाही. जे वचन माझ्या जगण्यात उतरलेले नाही, ते दुसऱ्याला ऐकवण्याचा मला अधिकार आहे का? हा प्रश्न केवळ वेदीजवळ उभे राहून वाचणाऱ्याचा नाही. मुलांना झोपताना प्रार्थना शिकवणाऱ्या आईचा आहे, रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेचा आहे, लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत बायबल उघडणाऱ्या प्रत्येकाचा आहे. आणि दर रविवारी प्रवचन देणाऱ्या माझा तर तो सर्वांत आधी आहे.

ह्याच प्रश्नाने मला एकदा चांगलेच पेचात पकडले होते, ती हकिकत आज सांगतो. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात सेवेला होतो तिथली ती गोष्ट आहे, आणि ज्यांची आहे त्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव-गाव सांगणार नाही.

२०२३ चा सप्टेंबर महिना होता. गणपती दोन दिवसांवर आलेले. सामान्य काळातील चोविसावा रविवार. त्या दिवशीचे पहिले वाचन बेन सिराच्या ग्रंथातून असते. शेजाऱ्याचा अपराध क्षमा कर, म्हणजे तू प्रार्थना करशील तेव्हा तुझ्याही पापांची क्षमा होईल. जो स्वतः मनात राग धरून बसतो तो देवाकडे आरोग्य कोणत्या तोंडाने मागणार. आपला शेवट आठव आणि वैर सोडून दे, असा त्याचा आशय आहे. वाचणारे गृहस्थ साठी ओलांडलेले, वाडीत राबणारे, आवाज खणखणीत. वीसेक वर्षे ते वाचत होते. त्या दिवशीही नेहमीप्रमाणे चांगले वाचले. नंतर शुभवर्तमान झाले, ते मत्तयचे: क्षमा सात वेळा करायची की सत्तर गुणिले सात वेळा. मग माझे प्रवचन. प्रवचन चांगले झाले असावे, कारण मिस्सा संपल्यावर चारपाच जणांनी येऊन तसे सांगितले.

हे काका मात्र सॅक्रिस्टीत आले आणि म्हणाले, "फादर, यादीतून माझं नाव काढा."

मी विचारले, "का हो काका? काही चुकलं का?"

ते म्हणाले, "मी वाचत होतो तेव्हा माझा धाकटा भाऊ चौथ्या बाकावर बसला होता."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. आजोबांनी खणलेली विहीर. वडिलांच्या पश्चात दोघा भावांत वाडीची वाटणी झाली, पण विहिरीची वाटणी कशी करणार? दोघांच्या दोन मोटरी तिच्यावर बसल्या. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. रात्रभरात जे झिरपून साठते ते पहाटे जो आधी बटण दाबेल त्याचे. एका मे महिन्यात त्यावरून शब्दाला शब्द वाढला, मेलेल्या आईवडिलांपर्यंत गेला, आणि त्यानंतर सहा वर्षे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या बायका कुंपणावरून एकमेकींना भाजी देत-घेत, तेही नवरे घरात नसताना.

माझ्याजवळ उत्तर तयार होते. आम्हां धर्मगुरूंजवळ ते असतेच, कारण ह्या प्रश्नाचा निकाल ख्रिस्तसभेने सोळाशे वर्षांपूर्वीच लावलेला आहे. इसवी सन ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, तेव्हा सैनिक पवित्र ग्रंथांच्या प्रती मागत आणि जाळत. उत्तर आफ्रिकेतील काही धर्माधिकाऱ्यांनी भीतीपोटी त्या हवाली केल्या. छळ थांबल्यावर वाद पेटला: ज्यांनी ग्रंथ शत्रूच्या हाती दिले, त्यांच्या हातून घेतलेले संस्कार खरे कसे मानायचे? डोनाटस नावाच्या बिशपाच्या अनुयायांनी सांगितले, मुळीच मानायचे नाहीत. अपवित्र हातांतून पवित्र गोष्ट मिळत नाही. शंभर वर्षांनीही हे भांडण धुमसतच होते. संत अगस्तिन यांनी त्याला उत्तर दिले. संस्कार देणाऱ्याच्या मालकीचा नसतो, तो ख्रिस्ताचा असतो. देणारा कसाही असो, देणगी बाटत नाही. योहानच्या शुभवर्तमानावरील एका प्रवचनात त्यांनी दाखलाही दिला. पाणी दगडी पन्हळीतून वाहत बागेतल्या वाफ्यांत जाते. पन्हळीत काही उगवत नाही, पण बाग फुलते.

वाडीत राबणाऱ्या माणसाला सांगायला याहून चांगला दाखला कुठला मिळणार! मी तो मोठ्या उत्साहाने सांगितला. म्हटले, काका, तुम्ही वाचलेलं वचन लोकांपर्यंत पोहोचलं ना? मग झालं. पाणी देवाचं आहे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फादर, वाफ्याला पाणी मिळतंय, ते मला मान्य. पण पन्हळ मी आहे. माझ्यात काय उगवतं?"

मी गप्प झालो. त्यांचे नाव यादीतून काढले.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. एक तर मला हरल्यासारखे वाटत होते, आणि दुसरे म्हणजे, काकांनी मला जे विचारले नव्हते ते मी स्वतःला विचारत होतो. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्यावर मी वीस मिनिटे बोललो होतो. आणि माझ्याच एका सहकारी धर्मगुरूशी माझे दोन वर्षे बोलणे नव्हते. कारण सांगण्यासारखे मोठे नाही. एका सभेत त्यांनी मला चारचौघांत टोकले होते, एवढेच. काकांचा भाऊ चौथ्या बाकावर तरी होता. माझा भाऊ तीस किलोमीटर दूर असल्यामुळे माझा आवाज कुठे अडखळला नाही.

अगस्तिन यांचे उत्तर चुकीचे नाही. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते अगदी बरोबर आहे आणि मोठ्या दिलाशाचेही आहे. वाचणारा संत असेल तरच वचन खरे, असे असते तर आपल्यापर्यंत बायबल पोहोचलेच नसते. पण हे उत्तर श्रोत्यासाठी आहे. काकांनी विचारलेला प्रश्न वाचकाचा होता. एकाचे औषध मी दुसऱ्याला दिले. आणि खरे सांगायचे तर अगस्तिन यांनाही हे ठाऊक होते. वाईट वागणारा उपदेशक इतरांच्या उपयोगी पडू शकतो, पण तो स्वतःचे मात्र नुकसान करून घेतो, ही दुसरी बाजू त्यांनी कधी लपवली नाही. संत पौलालाही हीच धास्ती होती. इतरांना घोषणा करून स्वतःच नापसंत ठरू नये म्हणून आपण शरीराला ताब्यात ठेवतो, असे त्याने करिंथकरांना कळवले आहे.

मग आधी जगावे आणि नंतरच सांगावे, हा नियम करायचा का? जुन्या करारात एज्रा शास्त्री आहे. बाबेलहून यरुशलेमला परतलेल्या त्या माणसाविषयी लिहिले आहे की, परमेश्वराचे नियमशास्त्र शिकावे, ते आचरावे आणि मग इस्राएलात शिकवावे, असे त्याने मनाशी ठरवले होते. शिकणे, जगणे, सांगणे, असा सरळ क्रम. वाचताना पटतो. पण डीकनपदाची दीक्षा होते तेव्हा बिशप नवदीक्षिताच्या हाती शुभवर्तमानाचा ग्रंथ देतात आणि त्याला जी आज्ञा करतात तिच्यातला क्रम आठवा: जे वाचशील त्यावर विश्वास ठेव, ज्यावर विश्वास ठेवशील ते शिकव, आणि जे शिकवशील ते आचरणात आण. इथे आचरण शेवटी आले आहे! माझ्या स्वतःच्या दीक्षेच्या वेळी हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. त्या दिवशी माणसाचे लक्ष आईवडील कुठे बसलेत इकडेच असते. पण त्या रात्री तो फरक मला एकदम जाणवला. ख्रिस्तसभेने आम्हांला आधी पूर्ण जगून या आणि मग बोला, असे सांगितलेले नाही. बोला, आणि बोललेल्याला बांधील राहा, असे सांगितले आहे. म्हणजे शिकवणे हे जगण्याचे प्रमाणपत्र नव्हे. ते एक कर्ज आहे, घेतलेले, फेडायचे असलेले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर आमची परीक्षा होती. चांगले काय ते कळत असूनही माणूस वाईट का करतो, हा त्यातला एक प्रश्न. सॉक्रेटिसचे म्हणणे असे की, ज्याला खरोखर कळले तो वाईट करणारच नाही. करतो म्हणजे कळलेले नाही. ॲरिस्टॉटल इतका उतावीळ नाही. तो म्हणतो, कळण्याचेही प्रकार आहेत. दारू प्यालेला माणूसही मोठ्या तत्त्वज्ञाच्या ओळी धडाधड म्हणून दाखवतो. नुकताच शिकू लागलेला विद्यार्थी वाक्यामागून वाक्य जोडत जातो, पण ते ज्ञान अजून त्याचे झालेले नसते. ते त्याच्या अंगात वाढून एकरूप व्हावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. मग तो आणखी एक उदाहरण देतो, नाटकातल्या नटाचे. मोहाला बळी पडलेली माणसे नट संवाद बोलतात तशी बोलतात. गंमत अशी की, नट ह्या अर्थाचा जो ग्रीक शब्द आहे, त्याच शब्दाने येशूने परुश्यांना हाक मारली. आपण मराठीत त्याचे भाषांतर ढोंगी असे करतो. सोंग आणणारा.

ह्या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते. दारू प्यालेल्या माणसाने ओळी म्हणाव्यात तसेच ते गुण होते, हे पुढे कळले.

नवशिका आणि नट, दोघांच्याही तोंडी असलेले शब्द त्यांच्या जगण्यातून आलेले नसतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. मग फरक कशात? नवशिक्याला ते शब्द आपले व्हावेत असे वाटते आणि होत नाहीत म्हणून तो कष्टी असतो. नटाला तशी काही अडचण नाही. पडदा पडला की तो मुखवटा काढून चहा पितो. आपण जे वाचतो ते आणि जे जगतो ते यांत अंतर असणे म्हणजे ढोंग नव्हे. तसे असते तर बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण ढोंगी ठरला असता. ते अंतर दिसू नये म्हणून झाकणे, किंवा ते आहे हे ठाऊक असून त्याची काहीच बोच न लागणे, इथे ढोंग सुरू होते. मोशेच्या आसनावर बसलेल्यांबद्दल येशू काय म्हणाला ते पुन्हा वाचून पाहा, मत्तय, अध्याय २३. ते सांगतात ते ऐका, पण ते करतात तसे करू नका, असे त्याने सांगितले. त्यांना आसनावरून उतरवले नाही. पण ते जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत, ह्यासाठी त्यांची अशी हजेरी घेतली की आम्हां धर्मगुरूंना तो अध्याय वाचताना आजही घाम फुटावा.

त्या दिवशी सॅक्रिस्टीत दोन माणसे होती. एकाला सहा वर्षांचे भांडण वाचताना बोचले होते. दुसऱ्याला त्याच्या प्रवचनाबद्दल शाबासकी मिळाली होती. यांत नवशिका कोण आणि नट कोण, हे मी तुम्हांला सांगायला नको.

मात्र काकांचे सगळेच बरोबर होते, असेही मला वाटत नाही, आणि हे मी त्यांना पुढे एकदा त्यांच्या ओटीवर बसून बोललो. नाव काढल्यामुळे नक्की काय झाले? भावाशी बोलणे सुरू झाले का? नाही. पहाटेची मोटर थांबली का? नाही. फक्त दर पंधरा दिवसांनी होणारी बोच थांबली. वचन टोचत होते, तर त्यांनी वचनापासून जागा बदलली. मी लायकीचा नाही, हे वाक्य कधी कधी फार सोयीचे असते. त्यात नम्रता दिसते आणि काही करावे लागत नाही. आपण प्रत्येक मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी त्या रोमन शताधिपतीची आठवण करत कबूल करतो की, प्रभूला आपल्या छपराखाली बोलावण्याची आपली लायकी नाही. आणि मग काय करतो? घरी जातो का? उठून रांगेत उभे राहतो. लायकी नसल्याची कबुली ही आपल्याकडे दाराबाहेर राहण्याची सबब नाही, आत येण्याची रीत आहे.

काका म्हणाले, "फादर, तुमचं खरं आहे. पण तुम्हांला सोपं आहे."

तेव्हा मी त्यांना माझ्या सहकाऱ्याची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही, असा विचार आधी बराच केला होता. धर्मगुरूने आपले दोष धर्मग्रामस्थांपुढे किती उघडे करावेत, ह्याला मर्यादा आहे. त्यासाठी आम्हांला प्रायश्चित्त संस्कार आहे, सगळ्यांचा आहे तसाच. पण त्या ओटीवर दुसरे प्रामाणिक उत्तर माझ्याजवळ नव्हते. काका ऐकून थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग आत हाक मारून चहा आणायला सांगितला.

काकांनी त्या रविवारी वाचलेल्या बेन सिराच्या ग्रंथाविषयी एक गोष्ट मी त्या संध्याकाळी त्यांना सांगितली, ती तुम्हांलाही सांगायला हवी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला यरुशलेममध्ये हा ग्रंथ हिब्रू भाषेत लिहिला गेला. पुढे त्या लेखकाचा नातू इजिप्तला गेला. तिथल्या यहुदी लोकांना हिब्रू समजेनाशी झाली होती, म्हणून त्याने आजोबांचा ग्रंथ ग्रीक भाषेत आणला आणि त्याला स्वतःची छोटी प्रस्तावना जोडली. तिच्यात तो कबुली देतो की, एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेताना तोच जोर राहत नाही, तेव्हा कुठे उणे पडले असेल तर सांभाळून घ्या. आणि म्हणतो की, शास्त्र वाचणाऱ्यांनी स्वतः शहाणे होऊन थांबू नये. बोलून आणि लिहून बाहेरच्यांच्याही उपयोगी पडावे, म्हणजे त्यांना नियमशास्त्राप्रमाणे जगण्यात प्रगती करता येईल. त्या नातवाला आजोबांकडून जे वारशाने मिळाले, ते त्याने परमुलखात दुसऱ्यांच्या ओंजळीत घातले. आपल्या भाषेत वाटणे आणि वाटणी हे दोन शब्द किती जवळचे आहेत! पण एकाने माणसे जोडली जातात आणि दुसऱ्याने बहुधा तुटतात. काकांनाही आजोबांकडूनच मिळाले होते. विहीर.

नहेम्याच्या ग्रंथात आठव्या अध्यायात एज्रा लोकांपुढे वाचन करतो, त्याचे वर्णन आहे. पाणीवेशीसमोरच्या चौकात स्त्रीपुरुष जमले आहेत, पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालू आहे, लेवी अर्थ समजावून देत आहेत. ऐकता ऐकता लोक रडू लागतात. आपण कुठे आणि हे वचन कुठे, हे त्यांनाही जाणवले असणार. तेव्हा त्यांना काय सांगितले जाते? रडू नका. घरी जा, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाढून पाठवा. शास्त्र ऐकल्यानंतरचे पहिले आचरण म्हणजे शेजारच्या घरी पोहोचलेले ताट. त्याला फार मोठी लायकी लागत नाही.

महाराष्ट्रातले एक उदाहरण इथे दिल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाई काही आपल्या कॅथलिक परंपरेतल्या नव्हेत, पण त्यांनी जे केले त्यापुढे आपण मान लववायला हवी. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी विधवा आणि दुष्काळात उद्ध्वस्त झालेल्या मुली शेकड्यांनी सांभाळल्या. आणि त्याच आवारात बसून, उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणले. १९२२ साली त्या वारल्या तोवर ते काम चालू होते. एका हाती शब्दकोश आणि दुसऱ्या हाती आजारी मुलींची व्यवस्था. आधी शिकायचे की आधी जगायचे, ह्या प्रश्नावर विचार करायला त्यांना बहुधा सवड मिळाली नसावी. आणि आमच्यासारख्या अभ्यास केलेल्यांनी विसरू नये असे आणखी एक आहे. आपल्या पणज्यांनी लॅटिन मिस्सा ऐकली, तिच्यातले फारच थोडे त्यांना कळले, अक्षरओळखही नव्हती. पण मयताच्या घरी चूल पेटत नाही तोवर जेवण पोहोचवायचे असते, हे त्यांना कुठल्याही बायबल वर्गात न जाता ठाऊक होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्याला वचन आपल्या भाषेत मिळाले, हे मोठे देणे आहे. त्या पणज्यांच्या हाती ते असते तर त्यांनी त्याचे काय केले असते, हे मनात येऊन मला संकोच वाटतो.

काकांचे पुढे काय झाले? २०२४ च्या मार्चमध्ये, प्रायश्चित्त काळात, विहिरीचे पाणी खाली गेले तेव्हा त्यांनी आपली पहाटेची मोटर बंद केली. दुपारी लावू लागले. कोणाला काही बोलले नाहीत, त्यांच्या पत्नीने मला सांगितले. पहाटेचे पाणी भावाच्या वाडीत जाऊ लागले. भावाला ते कळले असणारच, पाणी कोणाला कळत नाही? पण तोही काही बोलला नाही. पुनरुत्थानाच्या सणानंतर काकांनी आपले नाव पुन्हा यादीत घालायला सांगितले. योगायोगाने त्यांच्या वाट्याला २८ एप्रिलचे दुसरे वाचन आले, संत योहानच्या पहिल्या पत्रातले. प्रेम शब्दांनी आणि जिभेने नको, कृतीने आणि सत्याने करा, असे सांगणारे. त्याच वाचनात पुढे असेही आहे की, आपले अंतःकरण आपल्याला दोष देत असले, तरी देव आपल्या अंतःकरणापेक्षा मोठा आहे. तिथे त्यांचा तो खणखणीत आवाज थोडा थांबला. लोकांना वाटले, पान उलटत असावेत. धाकटा भाऊ त्या दिवशी देवळात नव्हता. तो सकाळी लवकरच्या मिस्साला येऊन गेला होता.

मीही माझ्या सहकाऱ्यांना फोन केला. चार मिनिटे बोललो, त्यातली तीन बदल्या आणि पावसावर गेली. त्यांना ती सभा आठवतही नव्हती, किंवा आठवत नसल्याचे त्यांनी मोठ्या मनाने दाखवले.

काकांचा फोन अधूनमधून येतो. गेल्या खेपेला मी विचारले, "भाऊ बोलतो का?" ते म्हणाले, "कामापुरतं. माझी मोटर जळली तेव्हा आला होता, दोन तास खाली उतरून बसला. वर आला आणि न जेवता गेला." मग म्हणाले, "फादर, ते सिराचं वाचन दर तीन वर्षांनी येतं ना? ते मलाच द्यायला सांगा तिथल्या फादरांना." मी सांगतो म्हटले आहे.

आपल्या यादीत अजून बरीच जागा आहे. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचकपदाची अधिकृत सेवा स्त्रियांनाही खुली केली. आपल्या देवळात तर त्याच्या किती तरी आधीपासून स्त्रियाच अधिक वाचतात, तेव्हा पुरुषमंडळींनी थोडे मनावर घ्यावे. वाचकांची तयारी शनिवारी संध्याकाळी नोव्हेनानंतर होते. वाचन आठवडाभर आधी घरी न्यावे, म्हणजे ते माइकसमोर उच्चारण्यापूर्वी घरात चारदोन वेळा तरी ऐकले जाईल. सुनेची चेष्टा सहन करण्याची तयारी दाखवली, तर त्या माउलीला मी पहिले वाचन द्यायला तयार आहे. त्यांना येत्या आठवड्यात पुन्हा विचारणार आहे. यादीखाली पेन दोऱ्याने बांधून ठेवले आहे.

आपला प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू